चलनबाह्य नाणे आणि त्याचे संग्रहमूल्य

३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील मूल्याची सर्व नाणी भारतात वैध चलन म्हणून उरली नाहीत. तेव्हापासून घरोघरच्या डब्यांत राहिलेली चार आण्यांची नाणी ‘दुर्मीळ’ झाली असून त्यांना लाखांची किंमत येते, अशी समजूत पसरली. या समजुतीचा फायदा घेणारेही निघाले. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी लोकांकडून शुल्क, कमिशन वा कर मागितला जातो, असा इशारा त्या बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. फसवणुकीचे मूळ एका शब्दाच्या सैल वापरात आहे. व्यवहारात न दिसणारे नाणे आणि थोडेच शिल्लक उरलेले नाणे या दोन भिन्न गोष्टी होत. ‘दुर्मीळ’ हे विशेषण दुसरीलाच लागू पडते.

चलनातून काढल्यावर नाण्याचे दर्शनी मूल्य जाते; उरते ते धातूचे मूल्य. मराठीत सुट्या पैशांना ‘मोड’ म्हणतात आणि मोडीत घातलेल्या दागिन्यालाही ‘मोड’च म्हणतात, पोलादी पावली पहिल्या अर्थाची मोड होती, ती आता दुसऱ्या अर्थाची झाली, इतकेच. संग्रहमूल्य हे तिसरे मूल्य केवळ बंदीच्या हुकमाने निर्माण होत नाही. नाणी किती पाडली, यावरही ते फारसे अवलंबून नसते. किती वाचली आणि कोणत्या स्थितीत वाचली, हा खरा प्रश्न होय.

या दृष्टीने रुपयाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया १९४१ च्या मार्चअखेर वैध चलनातून गेला. त्याला आठ दशके उलटली, तरी सराफाकडे तो आजही सहज मिळतो आणि सामान्य प्रतीचा असल्यास चांदीच्या भावाच्या आसपासच विकला जातो. कारण उघड आहे. त्यात ११/१२ भाग शुद्ध चांदी असल्याने परत मागविला जात असतानाही लोकांनी तो मोठ्या प्रमाणावर दडवून ठेवला. त्यातही १८६२ चा रुपया फसवा आहे. हेच साल १८७४ पर्यंतच्या नाण्यांवर कायम ठेवले गेले. त्यामुळे त्याचे वय सांगणारा आकडा विश्वसनीय नाही आणि त्याची संख्याही प्रचंड आहे. मुंबईच्या टांकसाळीने त्यावर घातलेले बारीक ठिपके मोजूनच अभ्यासक त्याचे खरे वर्ष ठरवितात.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया याहून वेगळा. राजाच्या झग्यावरील हत्तीची आकृती डुकरासारखी दिसते, असा बोभाटा झाला आणि नाणे मागे घेण्यात आले. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखांच्या आसपास रुपये बाहेर गेले होते. उरलेले वितळविले गेले. १९१२ मध्ये आकृती सुधारण्यात आली. मात्र या वादामुळेच नाणे लोकांच्या लक्षात राहिले व जपले गेले. म्हणून त्याला किंमत येते खरी, पण ती गगनाला भिडत नाही. सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाची गोष्ट याच्या उलट. तोही लाखांच्या संख्येने पाडला गेला होता. परंतु युद्ध सुरू झाले, चांदीची साठेबाजी वाढली आणि १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. जुन्या कसाच्या त्या रुपयांपैकी फारच थोडे टिकले. आधुनिक भारतीय रुपयांत संग्राहक ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त मोजतात, त्यांत त्याची गणना होते. साहजिकच त्याच्या बनावट प्रतीही पुष्कळ आढळतात. ज्या नाण्याविषयी गाजावाजा झाला ते तुलनेने सुलभ, आणि जे गाजावाजा न होता भट्टीत गेले ते दुर्लभ, असा हा प्रकार आहे.

स्थितीचा विचार तर घरगुती संग्रहात बहुधा होतच नाही. लक्ष्मीपूजनाचे रुपये दर दिवाळीला चिंचेने वा राखेने घासून लख्ख करण्याची रीत आहे. पूजेच्या दृष्टीने ती योग्यच; पण त्या घासण्यात अक्षरांच्या कडा झिजतात, काळाने चढलेली मूळ छटा जाते आणि संग्राहक अशा नाण्याला बरीच कमी किंमत देतो. माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयाची गत याहून वाईट. तो बहुधा चांदीच्या वजनावरच जातो.

विक्रीच्या बाबतीत एक कायदेशीर मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये १०० वर्षांहून जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते व खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. देव्हाऱ्यातला १८६२ चा रुपया, त्याला बाजारात चांदीपलीकडे काही मिळो वा न मिळो, या कायद्याच्या कक्षेत येतोच.