गाडीचा आवडीचा नंबर भेट देताय? अर्ज कोणाच्या नावाने करायचा, ते आधी ठरवा

लेकीची पहिली गाडी, तिच्या नंबर प्लेटवर तिचीच जन्मतारीख. भाच्याच्या नव्या बुलेटला मामाकडून ‘०००९’. दसरा-पाडवा जवळ आला की आरटीओत अशा अर्जांची लगबग सुरू होते. पैसे भरले की नंबर आपला, असा अनेकांचा समज असतो. पण नंबर ही दुकानातून आणून गिफ्ट पेपरमध्ये गुंडाळून देण्याची वस्तू नाही. तो मिळतो गाडीच्या मालकाला. पैसे कोणी भरले, याला महत्त्व नाही.

म्हणून सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्जावरचे नाव. गाडी ज्याच्या नावावर नोंदवायची, अर्ज त्याच्याच नावाने हवा आणि ओळखीचा व पत्त्याचा पुरावाही त्याचाच. वडिलांनी हौसेने स्वतःच्या नावाने नंबर घेतला आणि शोरूमचे बिल मुलीच्या नावाने निघाले, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. थोडक्यात, भेट ‘सरप्राइज’ ठेवणे जरा अवघडच!

नियम कुठे सैल झाला?

महाराष्ट्रात पूर्वी असा नंबर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावे करता येत नव्हता. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने ती वाट मोकळी केली. आता तो पती-पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या कुटुंबीयांच्या नावे करता येतो. या यादीत मामा-भाचे नाहीत. मामाला हौस असेल तर त्याने खुशाल पैसे द्यावेत, अर्ज मात्र भाच्याच्याच नावाने करावा.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे गाडी नसतानाही नंबरचे प्रमाणपत्र विकत घेऊन त्यावर दुसऱ्याचे नाव घालता येते, त्यामुळे वाढदिवसाला नंबर देण्याची रीतच पडली आहे. आपल्याकडे ठरलेल्या मुदतीत गाडीची नोंदणी झाली नाही, तर नंबर जातो आणि भरलेले शुल्कही सरकारजमा होते.

खर्च किती?

याच अधिसूचनेने २०१३ पासूनचे दर वाढवले. चारचाकीसाठी ‘०००१’ चे शुल्क ३ लाखांवरून ५ लाख झाले. मुंबई, पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ते ६ लाख आहे. ‘०००९’, ‘९९९९’, ‘०७८६’ यांसारख्या नंबरसाठी चारचाकीला अडीच लाख आणि दुचाकीला ५० हजार रुपये मोजावे लागतात. म्हणजे मामाची ती भेट बुलेटच्या किमतीच्या जवळपास पाव हिश्शाची झाली. चारचाकीच्या मालिकेत हवा तो नंबर उरला नसेल, तर तिप्पट शुल्क भरून दुचाकीच्या मालिकेतला घेता येतो. त्या हिशेबाने मुंबईत ‘०००१’ १८ लाखांवर जातो. एवढ्या पैशात एक चांगली गाडीच दारात उभी राहील.

नवी मालिका सुरू होताना आरटीओ अर्ज मागवते आणि अर्जासोबत शुल्काचा डिमांड ड्राफ्ट जोडावा लागतो. एकाच नंबरवर दोघा-तिघांचा डोळा असेल, तर लिलाव होतो. बंद लिफाफ्यात जादा रकमेचा ड्राफ्ट द्यायचा आणि ज्याची रक्कम मोठी, नंबर त्याचा. समोरच्याने किती लावले हे कळत नाही, त्यामुळे आपली कमाल रक्कम घरूनच ठरवून निघालेले बरे. चालू मालिकेत उरलेले नंबर परिवहन विभागाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन घेता येतात.

‘दादा’ आणि ‘बॉस’चे काय?

४१४१ जरा वळणदार लिहून ‘दादा’, ४९१२ चे ‘पवार’, इंग्रजी आकड्यांतल्या ८०५५ चे ‘बॉस’. गावोगावच्या रेडियम आर्टवाल्यांनी ही कला जोपासली. नियमाने ती कधीच चालत नव्हती, कारण प्लेटवर इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच लागतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट येते. तिच्यावरची अक्षरे एकाच साच्यातली आणि ठशाने उठवलेली असतात. त्यामुळे ‘दादा’ दिसावे म्हणून ४१४१ ला जादा पैसे मोजाल, तर प्लेटवर फक्त चार आकडेच दिसतील.

भेट म्हणून जन्मतारीख किंवा लग्नाची तारीख त्यापेक्षा बरी. २५ मार्चचा ‘२५०३’ सहसा महागड्या यादीत नसतो, त्याच्यावर इतरांची उडीही पडत नाही, आणि ज्याला द्यायचा त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एवढेच लक्षात ठेवा, की पुढे गाडी विकली तर साधारणपणे नंबरही गाडीसोबतच जातो.

आणखी एक. हल्ली नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच होते. आवडीचा नंबर हवा आहे, हे गाडी बुक करतानाच वितरकाला सांगा आणि नंबरची पावती हाती येईपर्यंत नोंदणी थांबवायला लावा. एकदा रांगेतला साधा नंबर पडला, की मग आवडीचा नंबर मागण्यात अर्थ उरत नाही.