विश्लेषण : सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो? जपानमधील संशोधन नगरच्या रुग्णाला काय सांगते?

पोट सुटलेले नाही, वजन साठ किलोच्या आत, दिवस शेतात राबण्यात जातो. तरी तपासणीत साखर वाढलेली. ‘मला कसा काय मधुमेह?’ हा अशा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. हा आजार जाड माणसांचा, शहरातल्या खात्यापित्या घरांचा, अशी समजूत त्यामागे असते. वैद्यकीय पुस्तकांतही बराच काळ साधारण हेच चित्र होते, कारण ते युरोप-अमेरिकेतील रुग्णांवरून काढलेले होते. आशियाई माणसाला ते तसेच्या तसे लागू पडत नाही, हे दाखवून देण्यात दोन ठिकाणच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. एक जपान आणि दुसरे आपल्या शेजारचे पुणे. अहिल्यानगर जिल्ह्यातील रुग्णासाठी या दोन्हींचा अर्थ काय, हे पाहू.

जपानने आपल्याच रुग्णांवर संशोधन कधी सुरू केले?

याची गोष्ट जुनी आहे आणि ती आहाराचीच आहे. १८८०च्या दशकात जपानी नौदलातील खलाशी बेरीबेरीने आजारी पडत. पाय सुजत, बधिर होत, हृदय निकामी होई. ‘रयूजो’ या जहाजावर लांबच्या सफरीत ३७६ पैकी १६९ जणांना हा आजार झाला आणि २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरांना संशय आला तो जेवणाचा. खलाशांचे पोट मुख्यतः पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळावर भरत होते. १८८४ मध्ये त्यांनी ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवायला लावले. फक्त जेवण बदलले. मांस, दूध, सातू वाढवले, भात कमी केला. या सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही.

गंमत अशी, की ताकाकींनी दिलेले कारण चुकीचे होते. त्यांना वाटले प्रथिने कमी पडतात. प्रत्यक्षात तांदूळ सडताना कोंड्याबरोबर ‘ब-१’ जीवनसत्त्व निघून जात होते. जीवनसत्त्वाची कल्पनाच तेव्हा नव्हती. पण तुलना नीट केलेली असल्यामुळे निष्कर्ष खरा ठरला. जपानच्या लष्कराने मात्र भातच चालू ठेवला आणि रशियाविरुद्धच्या १९०४-०५च्या युद्धात हजारो सैनिक बेरीबेरीने मेले. आपल्या माणसांवर आपणच तपासून पाहायचे, ही जपानी वैद्यकाची सवय अशा अनुभवांतून घट्ट होत गेली.

मधुमेहाच्या बाबतीत तिचा उपयोग झाला. जपानी रुग्णांच्या अभ्यासांतून दिसले, की तिथे बरेच मधुमेही अजिबात लठ्ठ नसतात. त्यांच्या स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकदच मुळात कमी असते. युरोपीय माणूस बरेच वजन वाढेपर्यंत जास्तीचे इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतो. जपानी माणसाचे स्वादुपिंड थोड्या वजनवाढीतच थकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या ‘बीएमआय’चा आकडा ३० झाल्यावर लठ्ठपणा मानते, तर जपानमध्ये २५लाच लठ्ठपणा धरतात.

पुण्यात काय आढळले?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ स्नायूंनी, उंचीने, पोटाच्या घेराने बारीक होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून किडकिडीत, आतून चरबी राखून असलेले हे बाळ संशोधकांच्या भाषेत ‘थिन-फॅट’ म्हणून ओळखले गेले.

मोठेपणीही हेच चालू राहते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. दोघांचा एकत्र फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. जगभरच्या वैद्यकीय वर्गांत तो फोटो आजही दाखवला जातो. मराठी माणसाच्या शरीराबद्दल इतके थोडक्यात इतके काही सांगणारे दुसरे चित्र सापडणे कठीण.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हावे, असे सुचवले.

आपण आणि जपानी मात्र एकसारखे नाही. जपानी रुग्णात इन्सुलिनची कमतरता हा मुख्य भाग. भारतीयांत पोटातली चरबी आणि तिच्यामुळे इन्सुलिनला न जुमानणारे शरीर, ही भर पडते. आपल्याकडेही तरुण मधुमेहींमध्ये इन्सुलिन फारच कमी असलेला गट मोठा आहे, हे पुण्यातील नंतरच्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

दवाखान्यातली गोळी जपानमधून आलेली आहे?

एक तर नक्कीच. अनेक मधुमेहींच्या चिठ्ठीवर ‘व्होग्लिबोज’ हे नाव एकटे किंवा दुसऱ्या औषधांच्या जोडीने असते. हे औषध जपानमध्ये शोधले गेले आणि १९९४ मध्ये तिथे बाजारात आले. भात किंवा भाकरीतील पिष्टमय भागाची आतड्यात साखर होण्याचा वेग ते कमी करते, म्हणून जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. ज्यांचे जेवण भाताचे, त्यांच्यासाठी बनलेले औषध पिठाची भाकरी-चपाती खाणाऱ्यांनाही चालले, यात नवल नाही.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १,७८० जपानी लोकांवर या औषधाची चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. सरासरी ४८ आठवड्यांत औषध नसलेल्या गटातील १०६ जणांना मधुमेह झाला, औषधाच्या गटातील ५० जणांना. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. हे निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षाच्या निकालावरून दहा वर्षांचे भाकीत करता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

या गोळीबाबत एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. ती जेवताना, पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. पोटात गॅस होणे हा तिचा नेहमीचा त्रास. आणि तिच्या जोडीला साखर कमी करणारी दुसरी गोळी किंवा इन्सुलिन असताना साखर फार उतरली, घाम सुटला, हातपाय थरथरले, तर साधी साखर किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही. कारण साध्या साखरेचे पचनही हेच औषध अडवते. अशा वेळी ग्लुकोजची पावडर द्यावी लागते. ती औषधाच्या दुकानात मिळते. आपल्या गोळ्यांत व्होग्लिबोज आहे का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.

मग जपानी आहार घ्यावा का?

मोबाइलवर फिरणारे ‘जपानी लोकांचे दीर्घायुष्याचे रहस्य’ वाचून तसे वाटू शकते. पण खुद्द जपानला आपला आहार बदलावा लागला आहे. लोणची, सोयाची चटणी, आंबवलेल्या सोयाचे सूप यांतून मीठ भरमसाट जात असे. उत्तर जपानमधील अकिता भागात पक्षाघाताचे प्रमाण त्यामुळे कुप्रसिद्ध होते. मीठ कमी करणे आणि रक्तदाबावर उपचार यांनी चित्र पालटले. ठेचा, पापड, लोणचे आणि वरून मीठ घेण्याची सवय असलेल्या आपल्या ताटाला यातून घेण्यासारखे बरेच आहे.

जपानी अभ्यासांतील एक साधी गोष्ट मात्र आपल्या स्वयंपाकघरात सहज बसते. क्योतो-ओसाका भागातील संशोधकांनी सुमारे शंभर मधुमेहींना दोन वर्षे पाहिले. एका गटाला उष्मांक मोजून खायला सांगितले, दुसऱ्याला एवढेच, की आधी भाज्या खा, भात शेवटी. दुसऱ्या गटाची साखर जास्त चांगली उतरली. अभ्यास लहान आहे, पण खर्च काहीच नाही. काकडी, मुळा, मेथीची भाजी, मटकीची उसळ आधी आणि भाकरी नंतर, एवढाच बदल.

भाकरीचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय गोष्ट. पाथर्डी, जामखेड, पारनेरकडची ज्वारी-बाजरी पौष्टिक आहे, यात वाद नाही. पण ‘चपाती सोडून भाकरी धरली की साखर गेली’ हे खरे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात भारतीयांचे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे दिसले. एकूण पिष्ट तेवढेच ठेवून फक्त मैदा-तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने धोका कमी झालेला आढळला नाही. त्यातले थोडे कमी करून डाळी, कडधान्ये किंवा दूधदुभत्यातील प्रथिने वाढवली तर फायदा दिसला. तीन भाकऱ्यांच्या दोन करून ताटात हुलगा, मटकी, ताक वाढवणे हे त्याचे नगरी भाषांतर.

व्यायाम आणि आहाराने मधुमेह टाळता येतो, याचा भारतीय पुरावा आहे?

आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन गोळीनेही जवळपास तेवढाच. दोन्ही एकत्र दिल्याने वेगळा लाभ झाला नाही. अमेरिकेत आहार-व्यायामाने हाच आकडा ५८ टक्के आला होता, पण तिथले लोक कितीतरी जाड होते, त्यांच्याकडे घटवायला वजन होते.

नगर जिल्ह्यात तपासणी कुठे आणि कशी?

जपानमध्ये २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या आरोग्य तपासणीत कंबर मोजली जाते. पुरुषांसाठी मर्यादा ८५ सेंटीमीटर, बायकांसाठी ९०. बायकांची मर्यादा पुरुषांहून मोठी, हे जगाच्या उलट आणि त्यावर जपानमध्येच टीका झाली. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर धरतात. टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडल्यावर, सैल न धरता लावायची. बीएमआय ठीक असूनही कंबर जास्त भरली, तर ती जास्त खरी मानावी.

जिल्ह्याला या कामाची परंपरा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन कामाला लावले. बाळंतपण, हगवण, कुपोषण यांपासून सुरुवात झाली. पुढे रक्तदाब आणि मधुमेहही त्यांच्या कामात आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

आज सरकारी योजनेत तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात, त्यात वय, तंबाखू, व्यायाम, घरातला मधुमेह यांच्यासोबत कंबरेचे माप असते. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीसाठी आधी पाठवले जाते. मापाच्या वेळी घरातले पुरुष बहुधा शेतावर किंवा कामावर असतात, म्हणून त्यांची कंबर मोजायची राहून जाते. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी उपकेंद्रात जाऊन ती मोजून घेता येईल का, हे आशाताईंना विचारावे.