ग्रीन कार्डाची मुलाखत : फाइल जाड नको, जुळती हवी

लग्नाच्या आधारे अमेरिकेचे ग्रीन कार्ड मागणाऱ्यांची मुलाखत दोन ठिकाणी होऊ शकते. जोडीदार अमेरिकेतच असेल तर यूएससीआयएस या नागरिकत्व व स्थलांतर खात्याच्या स्थानिक कार्यालयात, आणि भारतात असेल तर अमेरिकी वकिलातीत. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना त्यासाठी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात जावे लागते. तारीख पडली की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यात माहितीचे थोडे असते, ऐकीव बरेच. प्रत्यक्षात अधिकाऱ्यापुढे मुख्य प्रश्न दोनच असतात : लग्न कायद्याने झाले आहे का, आणि ते संसारासाठी केले आहे की केवळ कार्डासाठी? कागद जमवताना हे दोन प्रश्न डोळ्यांपुढे ठेवले की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

गैरसमज : लग्नाचे फोटो भरपूर नेले की काम झाले.
वस्तुस्थिती : खऱ्या लग्नाचा पुरावा म्हणून अमेरिकी नियमांत नावानिशी सांगितलेल्या गोष्टी अशा : दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले आणि माहितगारांची प्रतिज्ञापत्रे. फोटो येतात ते त्यानंतरच्या ‘इतर कागदपत्रां’मध्ये. ते जरूर न्यावेत, पण निवडक; वेगवेगळ्या प्रसंगांचे, दोन्हीकडची माणसे दिसतील असे, मागे तारीख व ठिकाण लिहून. एकाच मांडवातल्या दोनशे फोटोंनी एकच दिवस सिद्ध होतो.

संयुक्त बँकखात्याचेही तसेच. मुलाखतीच्या तोंडावर उघडलेले, चार पैसे टाकून ठेवलेले खाते फारसे काही सांगत नाही. ज्या खात्यातून दरमहा भाडे, विजेचे बिल आणि किराणा जातो, त्याची वर्षभराची विवरणपत्रे बोलकी असतात. जोडीदार अजून भारतात असेल तर एका घराचे पुरावे नसणारच. तिथे विमानाची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के, पाठवलेले पैसे, विम्यावर लावलेले वारसाचे नाव, फोन-संदेशांच्या थोड्याच पण वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदी उपयोगी पडतात.

गैरसमज : ठरवून केलेल्या लग्नाकडे संशयाने पाहतात, प्रेमविवाह सांगितलेला बरा.
वस्तुस्थिती : असे चुकूनही करू नये. स्थळ मावशीने आणले की विवाह मंडळातून आले, याला कायद्यात महत्त्व नाही. लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का, हे पाहिले जाते. बैठक कधी झाली, होकार कोणी कळवला, साखरपुड्याला कोण होते, ही खरी हकीकत पुरेशी आहे. शंका आली तर पती-पत्नीला वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारतात. न्यूयॉर्कमधल्या १९७० च्या दशकातील खटल्यावरून अशा मुलाखतीला ‘स्टोक्स मुलाखत’ म्हणतात. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे. पाठ केलेली उत्तरे तिथे उघडी पडतात. आणि बनावट लग्नाची शिक्षा जबर आहे : पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, शिवाय पुढे दुसऱ्या खऱ्या लग्नाच्या आधारेही अर्ज मंजूर होत नाही.

गैरसमज : व्हिसासाठी आधी नोंदणी उरकू, लग्न मुहूर्तावर लावू, कागदावर दोन्ही एकच.
वस्तुस्थिती : हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणीने लग्न होत नाही, झालेल्या लग्नाची नोंद होते. आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ च्या निकालात म्हटले आहे. व्हिसाच्या सोयीसाठी आधीच नोंदणी करण्याच्या प्रथेचाही त्यात उल्लेख आहे. आधी कायदेशीर लग्न हवेच असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. तिथे तीस दिवसांच्या नोटिशीनंतर विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर जे होते, तेच लग्न.

यातूनच तारखांचा घोळ होतो. प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी असते. एका अर्जात ही, दुसऱ्यात ती, असे लिहिले की अधिकाऱ्याच्या हाती आयती विसंगती लागते. सर्वत्र विवाहाचीच तारीख लिहावी. लग्नपत्रिका किंवा मंदिराची पावती ही नोंदणी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. आधीचे लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखलाही लागतो.

गैरसमज : सासरचे नाव लावले नाही तर लग्न खरे वाटत नाही.
वस्तुस्थिती : नाव बदलण्याची सक्ती भारतातही नाही, अमेरिकेतही नाही. आपल्याकडे अडचण निराळीच आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते, मधले नाव वडिलांऐवजी नवऱ्याचे होते आणि आडनावही बदलते. म्हणजे नावाचे तिन्ही भाग नवे. मग शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी. अर्जात ‘वापरलेली इतर नावे’ असा रकाना असतो. तिथे माहेरचे नाव, लग्नानंतरचे नाव, मधल्या नावासह आणि त्याशिवायचे रूप, सगळे लिहावे. बदललेल्या नावासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडावी. नाव बदललेच नसेल तर मुलाखतीसाठी बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

गैरसमज : जन्मदाखला नसला तरी शाळा सोडल्याचा दाखला चालतो.
वस्तुस्थिती : एकटा चालत नाही. जन्माची नोंद सापडत नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याकडून आधी अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा. त्याच्या जोडीला शाळेचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा रिकामा असतो. नोंदणी कार्यालयातून नाव घालून, आई-वडील दोघांची नावे असलेला दाखला वेळेवर काढून ठेवावा.

गैरसमज : मराठी कागदांचे भाषांतर नोटरीकडूनच करून घ्यावे लागते.
वस्तुस्थिती : यूएससीआयएसला नोटरीचा शिक्का नको असतो. भाषांतर संपूर्ण हवे, शिक्के आणि शेऱ्यांसकट. आणि ते पूर्ण व अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सही करून लिहिलेले हवे. स्वतः अर्जदाराने ते न केलेले बरे.

गैरसमज : नवऱ्याचा पगार कमी असेल तर अर्ज बाद.
वस्तुस्थिती : आर्थिक हमीच्या आय-८६४ अर्जासाठी साधारणपणे कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्य-मर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न लागते. ते कमी पडले तर अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. ही सही मात्र गंभीर आहे : घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही.

गैरसमज : वैद्यकीय तपासणी ओळखीच्या डॉक्टरकडून चालते, मुलाखतीला एकाने गेले तरी पुरते, आणि कार्ड मिळाले की कायमचे.
वस्तुस्थिती : तिन्ही चूक. तपासणी सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते. अमेरिकेतून अर्ज करणाऱ्यांना डिसेंबर २०२४ पासून तिचा आय-६९३ अहवाल मुख्य अर्जासोबतच द्यावा लागतो. यूएससीआयएसच्या मुलाखतीला सहसा दोघांनाही जावे लागते. वकिलातीत मात्र अर्जदार एकटा गेला तरी चालते. आणि कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ते दोनच वर्षांचे मिळते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज भरावा लागतो. म्हणून संसाराचे कागद मुलाखतीनंतरही जपून ठेवावेत.

कधी अटक झाली असेल, खटला निकाली निघाला असला तरी, न्यायालयाची प्रमाणित प्रत लागते. आणि अशा वेळी स्थलांतर कायद्याचा वकील गाठावाच. बाकीच्यांनी मुलाखतीपूर्वी एक काम न चुकता करावे : भरलेल्या अर्जांच्या प्रती काढून दोघांनी शेजारी बसून वाचाव्यात. तारखा, पत्ते, नोकऱ्या, नावांची स्पेलिंगे ताडून पाहावीत, चुका टिपून ठेवाव्यात, मूळ कागद एका फाइलमध्ये आणि छायाप्रती दुसरीत लावाव्यात. सापडलेली चूक अधिकाऱ्याने दाखवण्याआधी आपणच सांगावी. अर्जातली दुरुस्ती मुलाखतीच्या वेळी करता येते.