टक... टक... टक... आणि चार वर्षं गायब?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क बसली की पहिल्या तासात आपण काय करतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि खिसा नेमका कधी मोकळा करायचा, त्याचा हा फुल्टू फंडा!

मोबाइलएवढी ती काळी डबी. ड्रॉवरमध्ये चार्जर, जुने इअरफोन्स आणि विजेच्या बिलांच्या शेजारी पडलेली. कॉलेजचे प्रोजेक्ट्स, ताईच्या लग्नाचे सगळे फोटो, पहिल्या जॉबमधलं काम, आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ... सगळं तिच्यात कोंबलेलं. ‘बॅकअप आहे ना, टेन्शन नाही’ असं म्हणत आपण लॅपटॉपमधून ते कधीच उडवलेलंही असतं. आणि एका संध्याकाळी डिस्क जोडली की लाइट लागतो, पण आयकॉन काही येत नाही. कान लावला तर आतून आवाज येतो. टक... टक... टक...

आता पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण बॉस, याच क्षणी बहुतेक जण डिस्कची खरी वाट लावतात. वायर काढ, परत लाव. दुसऱ्या लॅपटॉपला लाव. जरा आपट. मग ग्रुपमधला तो एक ‘एक्स्पर्ट’ असतोच, तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. थांबा! आधी आत काय चाललंय ते बघू.

आत आहे तरी काय?

हार्ड डिस्क म्हणजे आरशासारख्या चकचकीत तबकड्या आणि त्यांच्यावरून फिरणारं एक बारीकसं हेड. पोर्टेबल डिस्कमधल्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला ९०. कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो. आणि या वेगात हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर फक्त काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून हिशेब करा. धुळीचा एक कण त्या फटीपुढे डोंगर आहे.

तबकडीवर काही खुणा कंपनीतच कोरलेल्या असतात. त्या वाचून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. हेड बिघडलं की त्या खुणा सापडत नाहीत. मग ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा शोधतं. ती टकटक म्हणजे हाच प्रकार. आणि वाकडं झालेलं हेड तबकडीला घासत असेल, तर प्रत्येक फेरीला तिथला चुंबकीय थर खरवडला जातो. डेटा त्या थरातच असतो. थर गेला की जगातला कुठलाही इंजिनीअर तो परत आणू शकत नाही.

म्हणून नियम नंबर एक, आणि हा एकच लक्षात राहिला तरी चालेल : विचित्र आवाज आला की डिस्क बंद. लगेच. ‘एकदाच बघू’ नाही.

आवाज ऐका, रोग ओळखा

प्रत्येक केस इतकी सीरियस नसते. चार प्रकार ओळखता आले तरी अर्धं काम झालं.

एक, चिडीचूप : ना लाइट, ना आवाज. आधी केबल बदला, मग पोर्ट. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, चपटी पिन ढिली पडणं ही अगदी कॉमन तक्रार. यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपला जोडा, कारण यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो आणि ३.० चा ९००, आणि डिस्कला कधीकधी करंटच कमी पडतो. टेबलावरची मोठी डिस्क असेल तर अडॅप्टर तपासा. तिथे लॅपटॉपचं अडॅप्टर ‘पिन बसतेय ना’ म्हणून खुपसू नका. १२ व्होल्टच्या डिस्कला १९ व्होल्ट दिले की बोर्ड जळतो.

दोन, फिरतेय पण ‘फॉरमॅट करू का?’ विचारतेय : हळू, एकसारखा आवाज आहे, पण स्क्रीनवर फॉरमॅटचा प्रश्न येतोय. उत्तर एकच, नाही! बऱ्याचदा इथे फायली जागेवर असतात, त्यांची यादी तेवढी बिघडलेली असते. वाड्यावरची पाटी पडली म्हणून वाडा पडत नाही ना, तसंच. फाइल डिलीट केली तरी साध्या हार्ड डिस्कवर बहुधा हेच होतं. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना माल तिथेच असतो. त्यामुळे या डिस्कवर आता एक फोटोही कॉपी करायचा नाही.

तीन, रडतरखडत चालतेय : फोल्डर उघडायला पाच मिनिटं, कॉपी करताना हँग. म्हणजे डिस्कचे काही भाग वाचले जात नाहीत किंवा हेड दमलंय. इथे ‘चेकडिस्क’ चालवायचा मोह होतो. नको! तो प्रोग्राम फायलींची व्यवस्था दुरुस्त करायला बघतो, डेटा वाचवायला नाही. आजारी डिस्कवर तो तासन्‌तास राबतो आणि वर लिहितोही.

चार, टकटक किंवा बारीक ‘बीप बीप’ : टकटक म्हणजे बहुधा हेड. बीप म्हणजे मोटर फिरायचा प्रयत्न करतेय, पण फिरू शकत नाही. कधी करंट कमी असतो, कधी हेड तबकडीला चिकटलेलं असतं. केबल आणि पोर्ट एकदा बदलून बघा. फरक नाही पडला तर हात जोडा आणि बंद करा.

आणि हो, डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायची ती फेमस आयडिया! जुन्या काळी कुणाला तिचा फायदा झालाही असेल, पण आज ती डोक्यातून काढून टाका. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. मुंबईच्या दमट हवेत तर बघायलाच नको. तबकडीवर पाण्याचा थेंब आणि काही नॅनोमीटरवर हेड. पुढचं सांगायला नको.

घरच्या घरी कुठपर्यंत?

सॉफ्टवेअर शोधण्याआधी एक कागद घ्या. डिस्कमध्ये काय होतं ते दोन रकान्यांत लिहा. डावीकडे जे पुन्हा मिळेल : सिनेमे, गाणी, मेलवर पडलेल्या फायली, ताईच्या फोटोग्राफरकडे असलेले फोटो. उजवीकडे जे कधीच मिळणार नाही : आजोबांचा आवाज, बाळाचं पहिलं पाऊल, तीन वर्षं राबून लिहिलेला थीसिस. उजवा रकाना रिकामा असेल तर बिनधास्त प्रयोग करा. त्यात आजोबा असतील, तर प्रकार तीन आणि चारमध्ये प्रयोग बंद. थेट लॅब.

प्रकार दोनमध्ये मात्र घरी बरंच करता येतं. फंडा असा की मूळ डिस्कवर कामच करायचं नाही. तेवढ्याच किंवा जास्त जागेची दुसरी डिस्क आणायची, आधी हुबेहूब प्रत काढायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. यासाठी लिनक्सवर चालणारं ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे फुकट टूल आहे. ते सॉल्लिड हुशार आहे. आधी जो भाग पटापट वाचता येतो तो उचलतं, अडलेला भाग बाजूला ठेवतं आणि शेवटी त्याच्याकडे वळतं. कुठपर्यंत आलो याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. प्रत काढता काढता डिस्क टकटक करायला लागली, तर मात्र तिथेच थांबा.

प्रत मिळाली की ‘टेस्टडिस्क’ हरवलेलं पार्टिशन शोधतं. तेही फसलं तर त्याचाच जोडीदार ‘फोटोरेक’. हा यादीकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते, ती खूण शोधत तो अख्खी डिस्क पिंजून काढतो. फोटो परत येतात, पण नावं आणि फोल्डर जातात. दहा हजार फोटो नव्याने लावायचे म्हणजे दोन रविवार गेले समजा. पण फोटो तर आले!

दोन गोष्टी सांभाळा. काही पोर्टेबल डिस्क सगळा डेटा आतल्या यूएसबी बोर्डावरच एन्क्रिप्ट करतात, आपण पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशी डिस्क काढून दुसऱ्या डबीत बसवली तर हाती कचरा येतो. म्हणून मूळ बोर्ड फेकू नका. आणि बिटलॉकर लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी शोधा. ती नसेल तर लॅबही काही करू शकत नाही.

आणि तुमचा ड्राइव्ह एसएसडी असेल, तर हे गणित बदलतं. तिथे फाइल डिलीट केली की ‘ट्रिम’ नावाची सोय ती जागा आतून पुसायला सांगते. बऱ्याचदा मग काहीच हाती लागत नाही.

लॅबवाल्याला हे विचारा!

लॅमिंग्टन रोड असो की तापकीर गल्ली, आपल्याकडे कॉम्प्युटरच्या दुकानांना तोटा नाही. पण ‘डेटा रिकव्हरी’ हा शब्द कुणीही बोर्डावर लिहू शकतो. कुणी फक्त सॉफ्टवेअर चालवून देतं. प्रकार दोनसाठी ते चालेलही. हेड बदलायचं असेल तर मात्र डिस्क धूळमुक्त हवेत उघडावी लागते. त्या हवेचं जुनं माप ‘क्लास १००’, म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त १००. शिवाय तुमच्या डिस्कशी जुळणारी दुसरी डिस्क आणून तिचं हेड काढावं लागतं. नुसता बोर्ड बदलला तरी जुन्या बोर्डावरची मेमरी चिप नव्यावर लावावी लागते, कारण त्या चिपमध्ये तुमच्याच डिस्कची मापं असतात. म्हणूनच साध्या केसचं बिल काही हजारांत आटोपतं आणि हेडची केस दहा हजारांच्या पटीत जाते.

डिस्क हातात देण्याआधी हे प्रश्न विचारा :

• तपासणीची फी किती? काम सुरू करण्याआधी लेखी एस्टिमेट मिळेल का?

• डेटा नाही आला तर पैसे किती?

• डिस्क उघडणार असाल तर कुठे? ती जागा दाखवाल?

• पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी बघायला मिळेल का? दोन-चार फायली उघडून दाखवाल का?

• माझा डेटा तुमच्याकडे किती दिवस राहणार आणि कधी पुसणार?

शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. डिस्कमध्ये पॅन कार्डपासून पर्सनल फोटोंपर्यंत सगळं असतं. आणि डिस्क वॉरंटीत आहे म्हणून थेट सर्व्हिस सेंटरला जमा करण्याआधी थांबा. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नाही. ते नवीन डिस्क देतील आणि जुनी ठेवून घेतील. काही डिस्कसोबत कंपनीची रिकव्हरी सर्व्हिस येते, तेवढं खोक्यावर वाचा.

आकाशातून पडलेली डिस्क

आता सगळ्यात भारी केस. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया स्पेस शटल पृथ्वीवर परतताना फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्या यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता. त्यातला काही डेटा उड्डाणातच खाली पाठवलेला होता, उरलेला एका हार्ड डिस्कवर होता. ती डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमध्ये सापडली. जळून काळी पडलेली. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा बाहेर काढला. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा पेपर छापून आला.

हे जमलं कसं? एक मोठं कारण असं की यान फुटलं तेव्हा ती डिस्क फिरत नव्हती. त्यामुळे तबकड्यांवर ओरखडे आले नाहीत. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच मिळालं नाही. आकाशातून पडलेली डिस्क वाचू शकते, आणि टेबलावरून पडलेली आपली, परत परत चालू केल्यामुळे जाऊ शकते.

तीन, दोन, एक

डिस्क जाणार हे आधी कळेल का? कधी कळतं, कधी नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे ‘रीअॅलोकेटेड सेक्टर्स’चा आकडा वाढताना दिसला तर त्याच दिवशी डेटा हलवा. पण सगळं हिरवं दिसलं म्हणून गाफील राहू नका. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, अशी कुठलीच खूण आधी दाखवलेली नव्हती.

म्हणून पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉप, एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड, झालं! क्लाउडचे पैसे द्यायचे नसतील तर दुसरी डिस्क गावच्या घरी आई-बाबांच्या कपाटात ठेवा आणि दर गणपतीला ताजी करा.

सगळं एकदम करायला गेलात तर होणार नाही. म्हणून या शनिवारी फक्त तो उजवा रकाना भरा. त्या फायली बहुतेक वीस-तीस जीबीच्या वर जाणार नाहीत. त्यांची आणखी एक प्रत काढा. आणि प्रत काढल्यावर ती उघडून बघा. आजोबांचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालतोय ना, तेही तपासा.