दूधसागर : मुलांसह एक दिवस



नाताळची सुटी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "यंदा कुठे जायचं?" आणि गोव्यात, बेळगावात, सावंतवाडीकडे ज्या घरांत शाळकरी मुले आहेत, तिथे एक उत्तर हमखास येते, ते म्हणजे दूधसागर! आगगाडीच्या पुलामागून कोसळणारा तो पांढराशुभ्र प्रपात मुलांनी चित्रांत पाहिलेला असतो. २०१३ सालच्या 'चेन्नई एक्सप्रेस' चित्रपटातही पाहिलेला असतो. वडील मंडळी म्हणतात, "चला, सकाळी निघू, संध्याकाळी परत येऊ." बेत झटकन ठरतो. पण रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून पाहावा, असा हा धबधबा नव्हे. तो अभयारण्याच्या पोटात आहे आणि त्याच्या पायथ्याशी खोल डोह आहे. म्हणून आज मुख्यतः दोन गोष्टींविषयी बोलायचे आहे. एक, दिवसाचे घड्याळ कसे लावावे; आणि दुसरी, पाण्याशी कसे वागावे. या दोन गोष्टी नीट जमल्या की बाकीची मौज मुले आपली आपण शोधून काढतात.

आधी ऋतू पाहू. "धबधबा म्हणजे पावसाळा" असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. दूधसागराचे रौद्र रूप पावसाळ्यात दिसते, हे खरेच. पण त्या दिवसांत जंगलातला रस्ता बंद असतो, कारण वाटेतले ओढे दुथडी भरून वाहतात. पाऊस सरला, ओढ्यांचे पाणी उतरले की साधारण ऑक्टोबरात ही वाट खुली होते. पुढे मार्च-एप्रिलात धार रोडावते. म्हणजे मुलांना न्यायचे तर डिसेंबर-जानेवारी हे दिवस उत्तम. मुले विचारतील, "पाऊस तर केव्हाच संपला, मग हे पाणी येतं कुठून?" त्यांना सांगावे, की घाटमाथ्यावरच्या जंगलाने ते साठवून ठेवलेले असते. पालापाचोळा, मुळे आणि माती पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात आणि पुढे कित्येक महिने थोडेथोडे सोडत राहतात. जंगल नसते तर पावसाबरोबर धबधबाही आटला असता.

आता जायचे कसे ते पाहू. दूधसागरला जाण्याचे ठिकाण म्हणजे धारबांदोडा तालुक्यातले कुळे हे गाव. पणजीहून फोंडा, मोले या वाटेने ते सुमारे साठ किलोमीटरवर आहे. वास्को आणि मडगावहून आगगाडीनेही कुळ्याला येता येते. इथून पुढे आपली मोटार चालत नाही. परवाना असलेल्या जीपगाड्या भगवान महावीर अभयारण्यातून नेतात. एका जीपमध्ये साधारण सात माणसे बसतात. अंतर दहा-बारा किलोमीटरच, पण त्याला पाऊण ते एक तास लागतो. रस्ता दगडधोंड्यांचा, आणि मध्ये ओढ्याच्या पाण्यातून गाडी घालावी लागते. मुलांना याच भागाची सर्वांत गंमत वाटते! जीप थांबते तिथून पुढे दगडांतून थोडे चालायचे असते. धबधब्यापाशी साधारण दीड तास मिळतो, आणि ज्या जीपने गेलो तिनेच परत यायचे असते. दर आणि वेळा दर हंगामाला बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि जमल्यास जागा आधीच राखून ठेवावी.

आगगाडीच्या रुळांवरून चालत धबधबा गाठण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो साफ टाळावा. १८८० च्या दशकात बांधलेला हा घाटातला लोहमार्ग बोगद्यांचा, वळणांचा आणि तीव्र चढाचा आहे. गाडी आली तर बाजूला सरायलाही पुष्कळ ठिकाणी जागा नाही. रुळांवरून चालणे कायद्याने गुन्हा आहे. २०२३ च्या पावसाळ्यात शेकडो माणसे अशी निघाली, तेव्हा रेल्वेने त्यांना अडवले आणि धबधबा गाडीत बसूनच पाहावा, असे जाहीर आवाहन केले. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांना मात्र मी हाच मार्ग सुचवीन. लोंढ्याहून कुळ्याकडे दिवसाउजेडी येणारी गाडी पाहावी, आणि बाळाला मांडीवर घेऊन खिडकीतून दूधसागर बघावा. जीपचे धक्के तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सोसण्यासारखे नाहीत.

आता घड्याळ. डिसेंबरात गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. म्हणजे हाती अकरा तासांचा उजेड. या हिशेबाने दिवसाची मांडणी शेवटाकडून सुरू करावी. दिवेलागणीला घरी पोचायचे, तर चारच्या आत कुळे सोडले पाहिजे. त्याआधी जेवण आणि घटकाभर विसावा हवा, म्हणजे दीडपर्यंत जीप परतलेली बरी. त्यासाठी धबधब्याकडे बाराच्या सुमारास पाठ फिरवायला हवी. म्हणजे तिथे साडेदहाला पोचायला हवे, आणि कुळ्याहून नऊच्या सुमारास निघायला हवे. रांगेचा वेळ धरला तर आठला कुळ्यात हजर असावे. पणजीच्या माणसाने त्यासाठी सहाला घर सोडावे. मुलांना झोपेतून उठवणे जिवावर येते. पण अर्धवट झोपेतले मूल गाडीत पुन्हा झोपते. दुपारी उन्हात रांगेत ताटकळलेले मूल मात्र सगळ्या सहलीचा विरस करते.

दिवसाची निवडही महत्त्वाची. नाताळापासून नववर्षदिनापर्यंतच्या आठवड्यात तिथे अतोनात गर्दी असते. शक्य असेल तर त्या आधीचा किंवा नंतरचा, शनिवार-रविवार सोडून एखादा दिवस धरावा. तीन डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. पणजीहून फोंड्याला जाणारा रस्ता तिथूनच जातो, हे ध्यानात ठेवावे. आणि "एवढे आलोच आहोत तर तांबडी सुर्लचे महादेवाचे देऊळही करू" असे मनात येईल. ते कदंबकाळातले काळ्या दगडाचे देऊळ फार सुंदर आहे. पण लहान मुले बरोबर असतील तर ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे. एका दिवसात दोन ठिकाणे केली की मुलांना दोन्ही धड आठवत नाहीत.

सामान बेताचे न्यावे. प्रत्येक मुलाला कपड्यांचा एक कोरडा जोड, पंचा आणि पहाटेच्या गारव्यासाठी स्वेटर. पायांत मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला. नुसत्या स्लिपर घालून दगडांवर चालू नये. पाणी धातूच्या बाटल्यांतून न्यावे. अभयारण्यात कचरा टाकण्यास मनाई आहे, तेव्हा रिकामी पिशवी बरोबर ठेवून कचरा परत आणावा. सकाळी इडली किंवा पोळीसारखा हलका फराळ द्यावा. भरल्या पोटी जीपचे धक्के बसले की मुलांना मळमळते. तेव्हा आलेपाकाची वडी उपयोगी पडते. धबधब्यापाशी खाण्याचे डबे उघडू नयेत. तिथली माकडे सराईत आहेत. हातातले केळे केव्हा गेले ते कळतही नाही. शिवाय माकडांना खाऊ घालणे त्यांच्याही हिताचे नाही. दशम्या, लाडू कुळ्याला परत आल्यावर खावेत. आणि जीपमध्ये चढण्यापूर्वी मुलांना लघवीला पाठवायला विसरू नका!

आता सर्वांत महत्त्वाचे, ते पाण्याविषयी. धबधब्याखालचा डोह वरून शांत दिसतो. काठ उथळ असतो, म्हणून "घोटाभरच तर पाणी आहे" असे वाटते. पण दोन पावलांवर तळ एकदम खाली जातो. दगडांवर शेवाळ असते. जिथे धार पडते तिथले पाणी खाली दाबले जाते आणि माणसालाही खाली ओढते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पांढरे, फेसाळ पाणी म्हणजे हवा मिसळलेले पाणी. ते साध्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून माणसाला नीट तोलून धरत नाही. विहिरीत किंवा समुद्रात पोहणारा तरबेज माणूसही धारेखाली फसतो, तो यामुळेच. तेव्हा मुलांना फेसाळ पाण्यापासून दूर ठेवावे.

पाण्यात उतरताना तरंगते जाकीट घालावेच लागते; ते निघतानाच भाड्याने मिळते. पण नुसते अंगात घातले म्हणजे झाले असे नाही. मुलाला ते घालून सगळे पट्टे आवळावेत आणि मग दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. जाकीट हनुवटीच्या वर कानांपर्यंत सरकले, तर ते त्या मुलाला मोठे आहे असे समजावे. असे जाकीट पाण्यात वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. मापाचे मिळाले नाही तर मुलाने काठावर पाय बुडवून बसावे. थोडे रडेल, पण जिवाला धोका नाही.

पाण्यावर राखण ठेवायला एक मोठे माणूस नेमावे. त्याने पाण्यात उतरायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. फक्त मुलांवर नजर ठेवायची. दर वीस मिनिटांनी पाळी बदलावी, म्हणजे कोणाचीच मौज बुडत नाही. "सगळेच लक्ष ठेवताहेत" असे जिथे प्रत्येकाला वाटते, तिथे प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते. आणि बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. ते निमूटपणे खाली जाते. म्हणून आवाजावर भिस्त ठेवू नये. हिवाळ्यात पाणी गारही असते, आणि लहान शरीर मोठ्या शरीरापेक्षा लवकर थंड पडते. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले की "अजून पाच मिनिटं, बाबा!" ऐकू नये. बाहेर काढून कोरडे करावे.

एवढी काळजी घेतली की मग निवांत बसून तो धबधबा पाहावा. मुलांना सांगावे, की याची उंची सुमारे ३१० मीटर आहे. चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी थोडे कमीच पडतील. पाणी खरे तर बिनरंगी, मग ते दुधासारखे का दिसते? कारण पडताना त्याचे असंख्य थेंब आणि बुडबुडे होतात, आणि ते सूर्यप्रकाशातले सगळे रंग सारखेच विखुरतात. सगळे रंग मिळून पांढरा. सूर्य पाठीशी ठेवून तुषारांकडे पाहिले तर तेच रंग सुटे होऊन इंद्रधनुष्यही दिसते. आणि ज्यांना गोष्टच हवी त्यांना ती राजकन्येची कथा सांगावी. तळ्यात स्नान करून सोन्याच्या कलशातले साखर घातलेले दूध पिणाऱ्या राजकन्येला एक राजपुत्र झाडीआडून पाहू लागला, तेव्हा तिने कलशातले दूध पुढे ओतून त्याचा पडदा केला, आणि तो आजही कड्यावरून वाहतो आहे.

परतीच्या वाटेवर फोंड्याच्या अलीकडे खांडेपार नदीचा पूल लागतो. तिथे मुले झोपली नसतील तर त्यांना खिडकीतून नदी दाखवावी. सकाळी ज्या पाण्यात त्यांनी पाय बुडवले, तेच दूधसागर नदीचे पाणी या खांडेपार नदीला मिळते आणि पुढे मांडवीला जाते. जवळच ओपा येथे ते शुद्ध करतात आणि नळाने फोंड्याला, पणजीला पोचवतात. म्हणजे पणजीतले मूल घरी पोचल्यावर पेलाभर पाणी पिईल, ते याच नदीचे. कचऱ्याची पिशवी परत का आणली, हे मग त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.