शिकणारें यंत्र आणि शिकणारा विद्यार्थी

रावेर-यावलकडील बागांत केळीचा घड कापणीस आला कीं नाहीं, हें जाणता शेतकरी एका दृष्टिक्षेपांत ओळखतो. फळाच्या धारा बोथट होऊन त्यास गोलाई आली म्हणजे झालें, एवढें तो सांगेल. पण गोलाई नेमकी किती, असें विचारल्यास हंसेल. हें ज्ञान त्यास कोणीं सूत्ररूपानें दिलेलें नाहीं. शेंकडों घड पाहून, कधीं चुकून, आणि चूक कळल्यावर आपला अंदाज थोडाथोडा सुधारून त्यानें तें मिळविलें आहे. यंत्रासही याच मार्गानें शिकवितां येतें. तें डोळ्यांनीं पाहतां यावें असें एक साधन आहे. त्याची ओळख येथें करून देण्याचा आमचा मानस आहे.

साधनाचें नांव ‘टेन्सरफ्लो प्लेग्राउंड’. डॅनिएल स्मिल्कोव्ह व शॅन कार्टर यांनीं तें तयार केलें असून २०१६ सालीं तें लोकांपुढें आलें. त्यास मोल पडत नाहीं, कीं संगणकावर कांहीं बसवावें लागत नाहीं. ब्राउझरमध्यें हें नांव शोधलें म्हणजे पुरे.

पडद्यावर उजवीकडील चौकटींत निळे व नारिंगी ठिपके दिसतील. ठिपका आडवा किती व उभा किती, या दोन संख्यांवरून त्याचा रंग सांगणें हें यंत्राचें काम. मध्यें पेशींचें जाळें आहे. मेंदूंतील पेशींवरून सुचलेल्या या कल्पनेचें गणित मॅक्युलॉक व पिट्स यांनीं १९४३ सालीं मांडलें. येथील पेशी म्हणजे एक लहानसा हिशेब होय: आलेल्या प्रत्येक संख्येस तिच्या भारानें गुणावयाचें, बेरीज करावयाची, व उत्तर पुढें धाडावयाचें. पेशींना जोडणारी रेषा जितकी जाड, तितका तिचा भार मोठा.

आतां पहिला प्रयोग करूं. डावीकडील चित्रांतून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकाच रंगाचे ठिपके असलेलें चित्र निवडा. ‘हिडन लेयर्स’ म्हणजे मधले थर. वजा चिन्ह दाबून ते सर्व काढून टाका, व वरील डाव्या बाजूची चालू करण्याची कळ दाबा. ‘लॉस’ म्हणजे चुकीचें माप. कितीही वेळ थांबलां तरी तें सुमारें ०.५ वरच अडून राहील. कारण एकटी पेशी फक्त एक सरळ रेषा ओढूं शकते, आणि हे ठिपके एका सरळ रेषेनें वेगळे होत नाहींत. मिन्स्की व पॅपर्ट यांनीं १९६९ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच उणीव दाखविली.

आतां चार पेशींचा एक थर घाला व पुन्हां कळ दाबा. बहुधा थोड्याच वेळांत माप खालीं येऊन रंग आपापल्या जागीं बसतील. शेवटीं झालेली चूक उलट दिशेनें मागें नेऊन, तींत प्रत्येक भाराचा वांटा किती हें काढावयाचें, व त्यानुसार तो किंचित् बदलावयाचा, अशी ही रीत आहे. रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ सालच्या निबंधानें ती प्रसिद्धीस आली. बदलाचें पाऊल केवढें, तें ‘लर्निंग रेट’ ठरवितो. आरंभीं तो ०.०३ असतो, तो १० करून पाहा, यंत्र सैरभैर होईल. उतावीळपणा यंत्रासही मानवत नाहीं!

दुसरा प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. यंत्रास कांहीं ठिपके शिकण्यासाठीं दिलेले असतात, व कांहीं परीक्षेसाठीं लपवून ठेवलेले असतात. शिकण्याच्या ठिपक्यांचें प्रमाण १० टक्क्यांवर आणा, ‘नॉइज’ म्हणजे गोंधळ ५० करा, आणि आठआठ पेशींचे दोन थर घाला. शिकलेल्या ठिपक्यांवरील चूक उतरूं लागेल. पण लपविलेल्या ठिपक्यांवरील चूक पुष्कळ वरच राहील. यंत्र शिकलें नाहीं, त्यानें पाठ केलें.

हें प्रथम पाहिलें तेव्हां आम्हांस आमचाच भूमितीचा वर्ग आठवला. त्रिकोणास ‘अबक’ ऐवजीं ‘पफम’ अशीं अक्षरें दिलीं, तों सिद्धांत घडाघडा म्हणणारीं मुलें अडखळलीं. दोष मुलांचा नव्हता. वर्षभर एकच आकृति फळ्यावर काढणाऱ्या आमचा होता. तेव्हांपासून आम्ही आकृति फिरवून, अक्षरें बदलून देत असतों.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलानें किती गुण मिळविले हें विचारतांना, त्यानें पूर्वीं न पाहिलेलें एखादें उदाहरण सोडविलें काय, हेंही विचारावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं एक सायंकाळ या क्रीडांगणावर घालवावी. चुकीचें माप वर गेलें तर खिन्न होऊं नका. चूक कळली, तिचें कारण शोधलें, आणि पुढचें पाऊल थोडें बदललें, म्हणजे शिक्षणास आरंभ झालाच.