‘मस्त’ दिवसही डॉक्टरांना सांग

कधी आठवडाभर रात्री जेमतेम तीन तास झोप, तरी सकाळी दमणूक नाही. बोलणं आवरत नाही, डोक्यात एकावर एक बेत, हातून पैसे भसाभस खर्च, कुणी अडवलं की डोकं भडकतं. मग कधीतरी उलटंच: अंथरुणातून उठवत नाही, मित्र नकोसे, अभ्यासाचं पान पुढे सरकत नाही. हे तुझ्या बाबतीत घडत असेल आणि ‘मला बायपोलर असेल का?’ ही शंका छळत असेल, तर एकट्याने उत्तर शोधत बसू नकोस. मदत मिळवायची वाट ठरलेली आहे.

आधी हे लक्षात घे. दिवसातून चार वेळा मूड बदलला म्हणजे बायपोलर, असं नसतं. डॉक्टर बघतात ते सलग टप्पे. उन्मादाचा, म्हणजे मॅनियाचा टप्पा साधारण आठवडाभर तरी टिकतो, त्याचं सौम्य रूप किमान चार दिवस आणि नैराश्य किमान दोन आठवडे. शिवाय थायरॉइडचा बिघाड, एडीएचडी, नशा किंवा परीक्षेच्या काळातली जागरणं यांतूनही काहीशी अशीच लक्षणं दिसू शकतात. म्हणून निदान डॉक्टरांवर सोड.

पहिलं पाऊल म्हणजे एका मोठ्या माणसाला सांगणं. आई, बाबा, मावशी, शाळेतल्या बाई, जो विश्वासाचा वाटेल तो. ‘माझ्या झोपेचं आणि मूडचं काहीतरी बिनसलंय, मला डॉक्टरांना दाखवायचंय,’ एवढं म्हटलं तरी पुरे.

दुसरं, वही. रोज एक ओळ: किती वाजता झोपलो, कधी उठलो, मूड दहापैकी किती, विशेष काय घडलं. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. झोप २ ते ५. मूड ९. वर्गात सरांशी भांडलो. रात्री नवीन बूट मागवले.’ अशा दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. पण वही भरेपर्यंत भेट लांबवू नकोस.

तिसरं, ठिकाण. निदान आणि औषधं हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम. समुपदेशक बोलून आधार देतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते, याची चौकशी करून घे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येतं.

भेटीत डॉक्टर झोप, शाळा, व्यसनं, घरात कुणाला असा त्रास होता का, हे सगळं विचारतात. रक्ताच्या तपासण्याही सांगू शकतात. तू अठराच्या आतला असशील तर उपचारांसाठी पालकांची संमती लागते. तरीही ‘मला थोडं एकट्याने बोलायचंय’ असं नक्की सांग. जिवाला धोका असेल तर मात्र डॉक्टरांना ते घरच्यांना सांगावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण डॉक्टरांकडे जातात ते उदास असताना, आणि तेव्हा उदासीबद्दलच बोलतात. आधीचे झोपेविना उडत गेलेले दिवस सांगायचे राहतात, कारण ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत. उलट तेव्हाच आपण खरे होतो असं वाटतं. पण बायपोलर असताना फक्त नैराश्याची औषधं दिली, तर काहींचा मूड उसळून थेट मॅनियात जाऊ शकतो. म्हणून ते ‘मस्त’ दिवसही वहीत लिही आणि डॉक्टरांसमोर मोकळेपणी मांड. आई-बाबांनीही त्या दिवसांत काय पाहिलं, ते सांगावं.

निदान एका भेटीत होईलच असं नाही. झालं, तर मूड स्थिर ठेवणारी औषधं, समुपदेशन आणि झोपेची ठरलेली वेळ, तिन्ही लागतात. या औषधांपैकी लिथियम चालू असेल तर ठरावीक काळाने त्याचं रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासतात. लिथियम चालू असताना अंगदुखीची साधी गोळीही डॉक्टरांना विचारून घ्यायची. बरं वाटलं म्हणून औषध परस्पर बंद करायचं नाही. टप्पा उलटून येण्याचं ते एक मोठं कारण असतं.

जगू नये असं वाटत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा सलग काही रात्री झोपच नसेल, तर वही आणि अपॉइंटमेंट दोन्ही बाजूला ठेव. घरच्यांना उठव, ११२ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.